देवघरामागचं बटण

माझ्या मोठ्या साडूंइतका अदृश्यावर भरवसा ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि गंमत म्हणजे देवावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. जी दिसत नाही, जिला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि जी कोणत्याही क्षणी बसल्या जागेवरून माणसाला उचलून नेऊ शकते, अशा एका शक्तीबद्दल ते तासन्‌तास बोलत. नवखा माणूस हात जोडून ऐकायचा. अर्ध्या तासाने त्याच्या लक्षात यायचं की हे परमेश्वराबद्दल नाही, कार्बन मोनॉक्साइडबद्दल चाललं आहे. एकदा भजनाचं बोलावणं करायला आलेल्या कॉलनीतल्या दोन बायका त्यांचं हे निरूपण उभ्या उभ्या ऐकून गेल्या आणि फाटकाबाहेर पडताना एकमेकींना म्हणाल्या, "बाबूजी बहुत पहुँचे हुए हैं." साडूंनी ते ऐकलं आणि पुढचे चार दिवस ते रागातच होते. "मी सायन्स सांगून राहिलो, अन् ह्या माह्या पाया पडून राहिल्या," असं ते मला म्हणाले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वर्ध्याकडचे, पण छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढून शेवटी रायपूरलाच चौबे कॉलनीत घर बांधून राहिलेले. राज्य नवं झालं आणि माझी विम्याची कचेरी मला नागपूरहून इकडे घेऊन आली, तेव्हा सगळं शहर राजधानी व्हायच्या घाईत उकरून ठेवलेलं होतं. रोज एक नवीन पाटी रंगत होती आणि रोज एक जुना रस्ता गायब होत होता. त्या धुळीतून वाट काढत आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, बहिणीला मिठी मारली. साडूंनी माझा प्रवास विचारला नाही, तब्येत विचारली नाही. दारातच म्हणाले, "गीझर कोनता घेतला राजे? गॅसचा? मंग बाथरूमची खिडकी उघडी राहते का नाई?" मी म्हणालो, खिडकीला रंग बसल्यामुळे ती उघडत नाही. साडूंनी माझ्या बायकोकडे अशा काही नजरेने पाहिलं, की पंक्तीत माझ्या पानावर वाढताना ताईंचाही हात जरा सढळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते छिन्नी आणि हातोडी घेऊन आमच्या दारात हजर होते.

सिग्नल खात्याने त्यांना एकच मंत्र दिला होता, आणि तो त्यांनी संसारालाही लावला होता. सिग्नल बिघडला तर तो लालच झाला पाहिजे. बिघडून हिरवा दिसणारा सिग्नल म्हणजे सिग्नल नव्हे, खुनी. त्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीचा पत्ता लागेनासा झाला की साडू ती लाल धरत. ताईंनी पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर त्या चक्कर येऊन पडल्या आहेत असं समजून ते पाण्याचा तांब्या घेऊनच स्वयंपाकघरात शिरत, आणि पोळ्या लाटणाऱ्या ताईंच्या अंगावर निदान दोन वेळा तरी तो रिकामा झाला होता. लेकीचं पत्र आठवडाभर आलं नाही की ते तिच्या सासरी तार करायला निघत. आम्ही रविवारी येतो म्हणून पंधरा मिनिटं उशीर केला तर ते स्कूटर काढून आमच्या रस्त्याला लागलेले असत, आणि आम्ही दुसऱ्या रस्त्याने पोचून त्यांची वाट बघत बसलेलो असू.

आणि त्यांची ती 'लाइन क्लिअर'! फाटकातून गाडी सोडायची असली की स्टेशन मास्तर आणि फाटकवाला फोनवर एकमेकांना एकेक आकडा सांगतात. तो दोघांनी वहीत लिहायचा, म्हणजे अर्धवट झोपेत कोणी नुसतंच 'हो हो' म्हटलं असं व्हायला नको. साडूंनी ही पद्धत गीझरला लावली. ताईंनी आंघोळीला जायच्या आधी ओरडायचं, "लाइन क्लिअर?" साडूंनी जाऊन खिडकी उघडी असल्याची खात्री करायची आणि म्हणायचं, "क्लिअर. नंबर अठ्ठावीस." ताईंनी अठ्ठावीस परत म्हणायचा आणि आपला एक नंबर द्यायचा. साडू दोन्ही नंबर वहीत टिपत. ताईंसाठी त्यांनी आकड्यांचा एक कागदही लिहून दिला होता. तो ताईंनी दुसऱ्याच दिवशी पुरणपोळीखाली घातला. मग त्या मनाला येईल तो आकडा देत. मात्र चिडलेल्या असल्या की न चुकता साडूंचं वय द्यायच्या. "एकसष्ट!" असा आवाज बाथरूमच्या दारातून आला की आम्ही पाहुणे समजून जात असू की आज घरात वातावरण गरम आहे. साडूंना त्यातला टोमणा कधी कळला नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. "एकच नंबर दोनदा नाई चालत वं. नियमात नाई ते," असं ते कळवळून सांगत.

अशा माणसाच्या जावयाने इंग्लंडहून येताना त्यांच्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचे तीन अलार्म आणले. त्याला बिचाऱ्याला सासऱ्यांनी फोनवर, तुमच्या घरच्या फोटोत छताला ते पांढरं काय आहे, असं विचारून विचारून हैराण केलं होतं. खोकी उघडली त्या दिवशी साडूंनी जेवण केलं नाही. ताईंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "आमच्या लग्नात बी इतके खुश नोते हे."

सोबतचं माहितीपत्रक त्यांनी पाठ केलं. त्यात लिहिलं होतं की झोपायच्या खोलीत हे यंत्र झोपणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर लावावं. दुसरा कोणी असता तर त्याने अंदाजाने खिळा ठोकला असता. साडूंनी टेप काढली आणि घरातल्या प्रत्येकाला त्या पलंगावर झोपवून जमिनीपासून नाकापर्यंतचं अंतर मोजलं. ताईंचं मोजलं, माझं मोजलं, माझ्या बायकोचं मोजलं. नेमक्या त्याच वेळी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या मिश्राबाई पलंगावर आडव्या व्हायला तयार होईनात. "पाहुने बी झोपतात कधी कधी," हे साडूंचं म्हणणं, पण मिश्राबाईंनी पदर सावरून काढता पाय घेतला. माझं नाक इतरांपेक्षा दीड इंच वर भरलं. मी घोरतो म्हणून उशी उंच घेतो, हे कारण वहीत नोंदवण्यात आलं, आणि ती वही मग येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवण्यात आली.

वायरिंगला गुढ़ियारीचा एक मिस्त्री लावला होता. शांत, पान खाणारा, साठीतला माणूस. त्याने पहिलं यंत्र उलटंपालटं करून विचारलं, "ये का आय बाबूजी? चोर धरे के मसीन हे का?" साडूंनी त्याला अर्धा तास समजावलं की चोर दिसतो, धूर दिसतो, हा दिसत नाही. मिस्त्री प्रत्येक वाक्याला होकाराचं "हव" म्हणाला आणि शेवटी हात धुऊन ताईंना हळूच विचारता झाला, "दाई, घर म भूत हे का?" पण कामाला माणूस चोख. तिन्ही यंत्रं एकमेकांना तारेने जोडली, म्हणजे एक ओरडलं की तिन्ही ओरडणार. एवढ्यावर कोणाचंही समाधान झालं असतं. पण साडूंनी एका भंगारवाल्याकडून रेल्वेच्या जुन्या फाटकावरची एक भलीमोठी घंटी मिळवली होती. ती त्यांनी बॅटरीवर चालवून ओसरीत लावली आणि तिला आपला तो मंत्र शिकवला. गॅस आला तर वाजायचंच, पण वीज गेली किंवा तार तुटली तरी वाजायचं. कारण वीज गेली म्हणजे पत्ता लागत नाही, आणि पत्ता लागत नाही म्हणजे लाल.

आता राजधानी झाली तरी रस्ता खणणाऱ्याची कुदळ आणि विजेची केबल यांचं काही सांगता येत नाही. त्या पावसाळ्यात दिवसातून तीन तीन वेळा वीज जायची, आणि प्रत्येक वेळी साडूंच्या ओसरीतून जणू काही मेल एक्स्प्रेस जाणार आहे अशी ती घंटी सुरू व्हायची. गल्लीतली कुत्री ओरडायची. सायकलवरून जाणारे लोक नकळत ब्रेक लावून थांबायचे. कॉलनीतल्या बायकांची तेवढी सोय झाली. घंटी ऐकली की त्या पाण्याच्या मोटरचं बटण बंद करून टाकत. ज्या कारणासाठी ती लावली होती ते मात्र घडेना. ताईंनी तडतडीत फोडणी देऊन पाहिली, लोबान जाळून पाहिला, मिरच्या भाजून अख्खं घर ठसकवलं, यंत्रं ढिम्म. "धुराचा नाई तो अलार्म," साडू खोकत खोकत सांगायचे. "मंग कायचा हाय बाप्पा? माह्या डोक्याचा?" असं विचारून ताई "एकसष्ट" म्हणून आंघोळीला निघून जायच्या.

शेवटी एका दुपारी साडू पेन्शनच्या कामाला गेलेले असताना ताईंनी त्या मिस्त्रीला बोलावलं, पोटभर पोहे खायला घातले आणि घंटीच्या तारेत एक गुपचूप बटण बसवून घेतलं. जागा कुठली निवडली, तर देवघराच्या मागची. "तिथं ते मेले तरी जाणार नाईत," असं त्यांनी मला मोठ्या विश्वासाने सांगितलं, आणि शपथही घातली. त्या दिवसापासून घंटी गप्प झाली. वीज जायची, यायची, घंटी मुकी. आणि आमचे साडू? ते विजेवर बेहद्द खूश झाले. ओसरीत बसून येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायचे, "पाहा राजेहो, याले म्हंतात राजधानी. पंधरा दिवस झाले, लाईट नाई गेली!" समोर पंखा बंद, साडू पुठ्ठ्याने वारा घेत आहेत, आणि तोंडाने वीजखात्याची स्तुती चालू आहे, हे दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. विजेच्या दफ्तराला त्यांनी अभिनंदनाचं पत्रही लिहिलं, आणि ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला हसू आवरेना, आणि ताई आत तोंडात पदर कोंबून उभ्या. माणूस इतका भोळा कसा असू शकतो, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

थंडीच्या तोंडावर त्यांची लेक चित्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि त्या घरात पहिल्यांदा खरं भांडण पेटलं. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. इकडच्या छत्तीसगढी घरांतही मातीची गोरसी ठेवतातच. निखाऱ्यावर ओवा आणि शेपा टाकायचा, खिडक्यादारं लावून घ्यायची, आणि आईबाळाला शेकायचं. साडूंनी शेगडी फाटकाबाहेर नेऊन ठेवली. "बंद खोलीत कोळसा? घरात लेकरू हाय. मी जित्ता हावो तोवर नाई." संध्याकाळी मी गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात नुसत्या बसून होत्या. मला म्हणाल्या, "दोन लेकरं मी त्या शेगडीवर वाढवली. माह्या मायनं मले शेकलं, मी चित्राले शेकून राहिली होती. आता हे म्हंतात मी जहर देऊन राहिली. नातीले मी जहर देईन का हो?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवराबायकोचं बोलणं तीन दिवस बंद राहिलं. नंबरसुद्धा बंद. चित्रा दोघांना आळीपाळीने "पप्पा, प्लीज़" आणि "मम्मी, जाने दो ना" म्हणून थकली.

मध्यस्थी माझ्याकडे आली. बऱ्याच येरझाऱ्यांनंतर असं ठरलं, की शेगडी कोळसे लालबुंद झाल्यावरच आत येईल, वीस मिनिटांत बाहेर जाईल, खिडकी हातभर उघडी राहील, आणि प्रत्येक वेळी रीतसर लाइन क्लिअर घेतली जाईल. ताईंनी सगळं मान्य केलं आणि पहिलाच नंबर दिला, "बासष्ट!" साडूंचा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता.

मग तो पौषातला रविवार आला. बायको खाली ताईंकडे होती, मी आणि साडू गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो, बाजूला रेडिओ चालू होता. खाली लाइन क्लिअर झाली होती, नंबर झाले होते, खिडकी साडूंनी स्वतः उघडून ठेवली होती. पुढे काय झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. बाळाला लागोपाठ दोन शिंका आल्या. गार वाऱ्याचा दिवस. चित्राला डोळा लागला होता. ताईंनी पाचच मिनिटांसाठी म्हणून खिडकी लावली, दार ओढलं, आणि उतू जाणारं दूध बघायला स्वयंपाकघरात गेल्या. दुधामागून खीर आली, आणि खिरीमागून आणखी काही. पाच मिनिटं कुठल्या कुठे गेली.

आणि ओसरीतली घंटी वाजली.

मी सवयीने म्हणालो, "लाईट गेली वाटतं." म्हणता म्हणता माझं मलाच कळलं की असं होऊच शकत नाही. ती घंटी बंद होती, ते बटण मला ठाऊक होतं. आणि रेडिओ चालू होता, म्हणजे वीजही होती. मी वळून पाहिलं तर साडू जागेवर नव्हते. मटारांची परात उलटी झाली होती, आणि बासष्ट वर्षांचा तो माणूस दोन दोन पायऱ्या गाळत खाली उतरत होता.

पण ताई त्यांच्या आधी पोचल्या होत्या. त्यांनीच तर ती घंटी मुकी केली होती, म्हणून मुकी घंटी बोलते आहे हे ऐकताच त्यांच्या हातातला डाव गळून पडला. त्यांनी दार उघडलं, बाळाला माझ्या बायकोच्या हातात दिलं, चित्राला गदागदा हलवून उठवलं, आणि शेगडी, सांडशी शोधत न बसता, दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेली. आम्ही पोचलो तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि तिन्ही यंत्रं किंचाळत होती. चित्रा ओसरीच्या पायरीवर कपाळ धरून म्हणत होती, "पप्पा, सिर बहुत भारी लग रहा है." बाळ टाहो फोडून रडत होतं. इतकं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोघींना प्राणवायू दिला, दुपारपर्यंत ठेवून घेतलं, आणि काही नाही, वेळेवर आलात, म्हणून घरी पाठवलं.

संध्याकाळी साडू ताईंच्या तळहातांना मलम लावत होते. आम्ही सगळे समोर होतो. मला वाटलं, आता छत्तीस वर्षांचं सगळं व्याख्यान बाहेर पडणार. पण ते बोटाबोटाला मलम लावत राहिले. ताईच शेवटी म्हणाल्या, "घंटीले मी बटन लावलं होतं. देवामागं."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. घंटीच्या तारेले एक नवा जोड दिसला. त्या तारेच्या मागं मागं गेलो, तं देवापाशीच पोचलो."

"मंग काढून काहून नाई टाकलं?"

साडू मलमाच्या डबीचं झाकण लावत बसले. मग म्हणाले, "तुले तरास होत होता ना आवाजाचा. लाईट गेल्याची घंटी तुह्या बटनावर राहू देली. गॅसची तेवढी सीधी जोडून देली."

"अन् ते लाईटवाल्याइले चिठ्ठी?"

"लिहिली होती, टाकली नाई," साडू म्हणाले. "तू आत उभी राहून हसत होती. बरं वाटत होतं मले."

ताईंनी ते मलम लावलेले हात तसेच वर उचलले, आणि पुन्हा मांडीवर ठेवले. मी मात्र मनातल्या मनात साडूंची माफी मागितली. इतके महिने मी ज्या माणसाला हसत होतो, तो बायकोला हसू यावं म्हणून पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.

दोन वर्षांपूर्वी साडू गेले. सगळं रीतसर, आजारी पडून, सगळ्यांना सूचना देऊन गेले. मला त्यांनी ती वही दिली. ती यंत्रंही आता संपली. त्यांचंही वय असतं, पाठीवर तारीख लिहिलेली असते. तसं स्वयंपाकाचा गॅस सोडला तर त्या घरात आता जळण्यासारखं काही उरलेलं नाही. गीझर विजेचा आहे, शेगडीत ताईंनी तुळस लावली आहे. देवघरामागचं बटण तेवढं अजून तिथेच आहे, आणि ताई देवाबरोबर रोज तेही पुसतात.

रोज सकाळी सातला माझा फोन वाजतो. ताई विचारतात, "लाइन क्लिअर?" म्हणजे त्या आता चहाला गॅस पेटवणार. मी विचारतो, खिडकी उघडी आहे का? त्या हो म्हणतात. मी एक नंबर देतो, त्या तो परत म्हणतात आणि आपला नंबर देतात. माझा रोज वेगळा असतो. त्यांचा गेली दोन वर्षं एकच आहे. "चौऱ्याहत्तर." आवाज चिडलेला नसतो. साडू गेले तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

एकच नंबर दोनदा चालत नाही, नियमात नाही ते, हे मला चांगलं माहीत आहे. साडूंची वही माझ्यासमोर उघडी असते. मी त्यात चौऱ्याहत्तर लिहितो आणि म्हणतो, "क्लिअर, ताई."